नवीन आणलेली कोंबडी नुसती उभी राहते, फिरत नाही, खात नाही? औषधाच्या आधी हे बघा

हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आता फोटो बघायच्या आधीच मी विचारते, "आणून किती दिवस झाले? आणि तिला पाणी पिताना तुम्ही स्वतः बघितलंय का?" दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा समोर शांतता. मी डॉक्टर नाही, पण घरी बरीच वर्षं कोंबड्या आहेत, मधूनमधून एखादी नवी येते, आणि ओळखीतल्यांच्या "गप्प झालेल्या" कोंबड्या बघायला मलाच बोलावतात. त्यातून जी एक पद्धत बसलीय ती इथे लिहून ठेवते, म्हणजे दर वेळी तेच तेच सांगायला नको.

आधी लक्षणं. लोक साधारण हेच सांगतात: कोंबडी एका कोपऱ्यात उभी असते, कधी कधी तर भिंतीकडे तोंड करून. दाणे टाकले की बाकीच्या धावत येतात, ही जागची हलत नाही, किंवा येते, एक दाणा चोचीत धरते आणि टाकून देते. माती उकरत नाही, मातीत लोळत नाही, आवाज नाही. भर दिवसा डोळे मिटून पेंगते. जवळ गेलं तरी पळत नाही (आणि लोकांना वाटतं किती माणसाळलेली आहे! नवीन कोंबडी पहिल्याच दिवशी हातात येत असेल तर खूश होऊ नका, आधी काळजी करा).

आता यात दोन वेगळ्या कोंबड्या आहेत आणि त्या लांबूनच ओळखता येतात. भेदरलेली कोंबडी ताठ असते, मान वर, डोळे टक्क उघडे, पिसं अंगाला चापून बसलेली. जरा खुट्ट झालं की डोकं वळतं. आजारी कोंबडीचं उलटं असतं, पिसं फुललेली, मान खांद्यात घुसलेली, शेपटी खाली, डोळे अर्धे मिटलेले, आणि शेजारी भांडं पडलं तरी तिला फारसं काही वाटत नाही. पहिलीला वेळ द्यायचा, दुसरीला वेळ द्यायचा नाही. एवढं जरी लक्षात राहिलं तरी अर्धं काम झालं, कारण कोंबडी आजार लपवते, कळपात कमजोर दिसणं तिला परवडत नाही, त्यामुळे ती आपल्याला आजारी दिसायला लागली म्हणजे आतून काही दिवस आधीच बिघडलेली असते.

काहीही असो, ती नवीन आहे ना, मग आधी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. खरं तर आणल्या दिवसापासूनच महिनाभर वेगळी ठेवायला हवी होती, पण ते कोणी करत नाही हे मला माहितीये. आता तरी करा. तिची भांडीही वेगळी, आणि रोज आधी जुन्या कोंबड्यांचं काम उरकून मग नवीकडे जायचं, उलटं नाही.

आता फुकटात होणाऱ्या गोष्टींपासून सुरू करू.

सगळ्यात आधी दिवस मोजा. कालच आणलीय, पिशवीत किंवा खोक्यात घालून गाडीवरून आणलीय, आणि आज गप्प आहे, तर ते अगदी साहजिक आहे. जागा नवी, आवाज नवे, ओळखीची एकही कोंबडी नाही. दोन-तीन दिवस ती अशीच राहू शकते आणि अंडी तर आठ-पंधरा दिवस बंद होऊ शकतात, त्यासाठी विकणाऱ्याला फोन करून भांडू नका. पण ही दोन-तीन दिवसांची सवलत फिरण्याला आणि अंड्यांना आहे, पाण्याला नाही. पाणी पहिल्या काही तासांतच पोटात गेलं पाहिजे.

म्हणून दुसरी तपासणी पाण्याची, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त कोंबड्या मी इथेच सुधारलेल्या बघितल्यात. फार्मवरच्या कोंबड्या बऱ्याचदा निपलमधून पाणी पितात, म्हणजे वर पाइप असतो, त्याला बारीक टोक असतं, त्यावर चोच मारली की थेंब येतो. अशा कोंबडीने आयुष्यात कधी वाडग्यातलं पाणी बघितलेलं नसतं! तुम्ही तिच्यासमोर स्वच्छ वाडगा भरून ठेवता आणि समजता की तहान लागली की पिईल. तिला ते पाणी आहे हेच कळत नाही. एका ओळखीच्या घरी अशीच एक तपकिरी कोंबडी दोन दिवस वाडग्याशेजारी उभी होती, तुरा एका बाजूला कललेला, डोळे मिटत होते, घरच्यांनी कुठून तरी अँटिबायोटिकची पुडी पण आणून ठेवली होती. मी तिला काखेत धरलं आणि चोचीचं नुसतं टोक पाण्यात बुडवलं, नाकपुड्या वर राहतील एवढंच. पहिल्यांदा डोकं झटकलं, माझ्या अंगावर सगळं पाणी. दुसऱ्यांदा पण तेच. तिसऱ्यांदा चोच मिटली, डोकं वर केलं, गळा हलला, आणि मग जी प्यायला लागली ती थांबेचना, मान खाली, मान वर, खाली, वर, शेवटी मीच वाडगा थोडा वेळ बाजूला घेतला. संध्याकाळपर्यंत ती मॅश (भरडलेलं खाद्य) खात होती. पुडी तशीच राहिली.

तर हे करून बघा. वाडगा लाल किंवा चमकदार असेल तर चोच मारायची शक्यता वाढते, आणि पाणी सावलीत, गार असू द्या. किती पिते ते डोळ्यांनी ठरवू नका, भांड्याला पेनने रेघ मारा. अंड्यावरची मध्यम आकाराची कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाते आणि त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते, म्हणजे पाव लिटरच्या आसपास, कडक उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. बुटकी, छोट्या जातीची असेल तर कमी. चोच उघडून आत पाणी मात्र कधीही ओतू नका, कोंबडीच्या जिभेच्या लगेच मागे श्वासनळीचं तोंड असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि जी कोंबडी नुसती तहानलेली होती ती न्यूमोनियाने जाते. टोक बुडवायचं, किंवा चोचीच्या कडेला एकेक थेंब लावायचा, बस.

पाण्यानंतर खाणं. विकणाऱ्याला विचारा की तिथे काय खात होती. मॅशवर वाढलेली कोंबडी अख्ख्या दाण्याकडे बघतही नाही कारण तिच्यासाठी ते खाणंच नाही. शिवाय चोच नीट बघा, फार्मवर पिल्लं लहान असतानाच चोचीचं टोक कापतात, अशा कोंबडीला जमिनीवर विखुरलेला एकेक दाणा टिपता येत नाही, खोलगट भांड्यात भरपूर खाणं असेल तर ती खोऱ्यासारखी चोच घालून खाते. "खात नाही" म्हणून आणलेल्या दोन कोंबड्यांचं दुखणं एवढंच निघालं होतं, भांडं बदललं आणि संपलं. खाणं बदलायचंच असेल तर आठवडाभर जुनं-नवं मिसळून बदला. आणि फीडला कुबट वास येत असेल, गाठी झाल्या असतील तर फेकून द्या, "कोंबडी काय, काहीही खाते" हे खोटं आहे, बुरशीच्या विषाने लिव्हर जातं.

मग ऊन आणि जागा. तोंड उघडं टाकून, पंख अंगापासून लांब धरून उभी असेल तर ती गरमीने हैराण आहे, कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकूनच ती अंग गार करते. सावली, हवा, गार पाणी, पाय ओल्या मातीत. बर्फाच्या पाण्यात बुचकळू नका. सावलीत आणून अर्ध्या तासात धाप कमी झाली नाही, किंवा गार वेळेलाही तोंड उघडं असेल, तर तो वेगळा विषय आहे, सरळ शेवटच्या भागात जा. आणि हो, "अंग खूप गरम लागतंय, ताप आहे" असं सांगू नका प्लीज, कोंबडीचं नॉर्मल टेंपरेचरच 41 डिग्री सेल्सियसच्या आसपास असतं, ती धडधाकट असली तरी तुमच्या हाताला तापलेलीच लागणार.

एकटी आहे का? की उलट, चारजणींत सोडलीय? दोन्हीत कोंबडी गप्प होते. एकटी कोंबडी दिवसभर उभी राहते यात आजार काही नाही, तिला बघून उकरायला, पळायला, पेंगायला दुसरं कोणी नाही म्हणून ती काहीच करत नाही. कोंबडी एकच पाळायची नसते, किमान तीन. आणि आधीच्या कोंबड्यांत सोडली असेल तर लांब बसून, फोन खिशात ठेवून, अर्धा तास नुसतं बघा. मारामारी दिसेलच असं नाही. बऱ्याचदा जुनी कोंबडी फक्त मान वर करून बघते, आणि नवी खाण्यापासून दोन पावलं मागे सरकते, दिवसभर हेच, आणि आपल्याला वाटतं भांडं तर भरलेलं आहे, मग खात का नाही. खाण्यापाण्याची दोन-दोन भांडी एकमेकांना दिसणार नाहीत अशी ठेवा. वेगळं ठेवायचे दिवस संपले की आधी आठवडाभर मध्ये जाळी लावून एकमेकींना दिसू द्या, मग एकत्र करा. डोक्यावर, शेपटीपाशी पिसं उपटलेली, रक्त आलेलं दिसलं तर त्याच क्षणी बाहेर काढा, लाल रंग दिसला की बाकीच्या थांबत नाहीत.

इथपर्यंत सगळं ठीक आणि कोंबडी तरी गप्पच, तर आता हात लावायची वेळ. हे अंधार पडल्यावर करा, अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही, ती शांत बसते, पकडापकडी करून अजून घाबरवायला नको.

गळ्याच्या खाली, छातीच्या उजव्या बाजूला दाणे साठायची पिशवी असते. रात्री झोपताना ती भरलेली हवी, लिंबाएवढी किंवा जास्त, दाबली तर थोडी दबणारी. सकाळी खायला द्यायच्या आधी परत चाचपा, आता ती रिकामी हवी. हे दोन वेळा बघणं मला कुठल्याही औषधापेक्षा जास्त कामाचं वाटतं. रात्रीही रिकामी असेल तर ती खातच नाहीये, परत पाणी, भांडं, दादागिरी हे सगळं बघा. रात्री भरलेली आणि सकाळीही तेवढीच कडक असेल तर आत काही तरी अडकलंय, लांब गवत, दोरा, पेंढा. सकाळी पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत आणि तोंडाला आंबट वास, तर आत आंबलंय. कडक असेल तर खाणं काढून फक्त पाणी द्या, हलक्या हाताने चोळा, दुसऱ्या सकाळपर्यंत सुटलं नाही तर डॉक्टर. कोंबडीला उलटं धरून ओकायला लावतात असे व्हिडिओ फिरत असतात, ते करू नका, तेच पाणी श्वासात जातं.

त्याच हातांनी छातीचं मधलं हाड बघा. दोन्ही बाजूंना मांस हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागत असेल तर ती तुमच्याकडे येऊन बारीक झालेली नाही, दोन दिवसांत एवढं वजन जात नाही, ती तशीच आलीय. म्हणजे जुना आजार, जंत, किंवा म्हातारपण. "आता अंड्यावर येईल" म्हणून विकलेली कोंबडी कधी कधी दीड वर्षाची, फार्मवरून काढून टाकलेली असते. पिंजऱ्यात आयुष्य गेलेल्या असल्या कोंबडीला उड्या मारणं, काठीवर चढणं येत नाही, हाडं ठिसूळ असतात, थोडं चालली की बसते. तिला जमिनीवर जाड भुसा द्या, काठी अगदी खाली लावा, आणि तीन-चार आठवडे धीर धरा. अशा कोंबड्या पहिल्यांदा मातीत पाय टाकतात ते बघण्यासारखं असतं, एक पाय उचलून तशाच उभ्या, जणू जमीन ओली आहे.

आता टॉर्च घ्या. पंखाखाली आणि शेपटीखाली पिसं फुंकून बाजूला करा. पिसांच्या मुळाशी पांढरट गोळे चिकटलेले असतील तर उवांची अंडी, शेपटीखाली काळपट घाण आणि हलणारे ठिपके असतील तर माइट (रक्त पिणारे बारीक किडे). पण लाल माइट कोंबडीवर दिवसा सापडतच नाहीत, ते दिवसभर लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री येऊन रक्त पितात. म्हणून रात्री पांढरा टिश्यू पेपर घेऊन बसायच्या काठीच्या खालच्या बाजूने, जिथे काठी भिंतीला टेकते तिथे घासून बघा. पेपरवर लाल रेघोट्या उठल्या तर कळलं की तुमची कोंबडी दिवसा का पेंगते. मी स्वतः एकदा एका कोंबडीला दोन आठवडे टॉनिक देत बसले होते, तुरा फिका, दिवसभर झोप, आणि दोष होता मी हौसेने आणलेल्या जुन्या सेकंडहँड खुराड्यात! हे माइट काही न खाता कित्येक महिने जगतात, त्यामुळे "खुराडं वर्षभर रिकामंच पडलं होतं" म्हणजे स्वच्छ असं समजू नका. कोंबडीवर पावडर मारून उपयोग नाही, सगळ्या फटी उकळत्या पाण्याने धुवा, डॉक्टरांना विचारून कोंबड्यांसाठी चालणारं औषध लावा, आणि आठवड्याने परत, कारण अंड्यांतून नवे निघतात.

तुऱ्याचा रंगही बघा पण त्यावरून घाईने काही ठरवू नका. फिका तुरा म्हणजे रक्त कमी असू शकतं, माइट, जंत, आतड्यातला आजार. पण कमी वयाच्या कोंबडीचा, पिसं गाळणाऱ्या कोंबडीचा आणि खुडूक बसलेलीचा (अंडी उबवायला बसलेलीचा) तुराही फिकाच असतो. निळा-जांभळा पडत असेल तर मात्र थांबायचं नाही. पायाचे तळवे उलटून बघा, मधोमध काळी खपली आणि सूज असेल तर तळव्यात पू झालाय, दुखतं म्हणून चालत नाही. ब्लेडने कापायला जाऊ नका.

खुडूक हा शब्द आलाच आहे तर, नवीन आणलेली कोंबडी खुडूक असूच शकते, काही जण म्हणूनच विकतात. ती अंड्यांच्या खोक्यात चपटी होऊन बसते, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते, चोच मारते, दिवसातून एकदा उठते, खाते, एक प्रचंड घाणेरडी शी करते आणि परत जाऊन बसते. गुरगुरते म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. आजारी कोंबडीला राग येत नाही.

शी बघणं कोणालाच आवडत नाही पण रात्री काठीखाली वर्तमानपत्र पसरा आणि सकाळी बघा. तपकिरी गोळा, वर पांढरी टोपी, हे ठीक. आठ-दहा वेळांतून एकदा पातळ, चॉकलेटी, चिकट, भयंकर वासाची, हेही ठीक, तिला जुलाब समजून औषध चालू करू नका, मी स्वतः पूर्वी केलंय. नुसती हिरवी आणि थोडी असेल तर बहुतेक वेळा पोटात काही नाही, पित्तच पडतंय. रक्त असेल तर कॉक्सिडिओसिसचा (आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींचा आजार) संशय घ्यायचा, विशेषतः कोंबडी काही आठवड्यांची किंवा दोन-तीन महिन्यांची असेल आणि जाळीवर वाढून पहिल्यांदा मातीवर आली असेल तर. हा आजार दोन-तीन दिवसांत मारतो. औषध आहे, चांगलं चालतं, पण शी तपासून आणि वजनावर डोस काढून डॉक्टरांनी द्यायचं.

शेवटचं, अडकलेलं अंडं. कोंबडी पेंग्विनसारखी उभी, शेपटी वरखाली पंप करते, सारखी खोक्यात जाऊन बाहेर येते, जोर लावते. अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात, अडकलं की मागचं येऊन आणखी घोटाळा. टबमध्ये कोमट पाणी (आपल्या मनगटाला सुखद वाटेल एवढंच गरम), पोट बुडेल इतकं, त्यात 15-20 मिनिटं बसवा, बहुतेकींना हे आवडतं, काही तर झोपतात. मग पुसून, सुकवून, अंधाऱ्या उबदार जागी ठेवा. पोट दाबू नका. आत अंडं फुटलं तर कवचाने आतून चिरतं आणि कोंबडी वाचणं अवघड होतं. दोन-तीन तासांत आलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता घरचे उपाय बंद कधी करायचे ते सरळ सांगते. आणून 24 तास झाले आणि सगळं करूनही पाणी घेतलं नाही. गार हवेत तोंड उघडून श्वास, घरघर, डोळ्यात फेस, चेहऱ्यावर सूज. रक्ताची शी. तुरा जांभळा. मान वाकडी किंवा पिळलेली, जुने लोक ज्याला मानमोडी म्हणतात तो राणीखेत (कोंबड्यांचा संसर्गजन्य आजार) असाच दिसतो. एक पाय पुढे एक मागे करून पडलीय, उठता येत नाही. किंवा फक्त एवढंच, की तिसऱ्या दिवशीही ती फुललेली आणि डोळे मिटलेलीच आहे आणि तुम्हाला कारण सापडत नाहीये. यातलं एकही असेल तर पुढची आयडिया शोधत बसू नका, जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा आणि आधी विचारा की ते पक्षी बघतात का, सगळे बघत नाहीत. आणि एकाहून जास्त कोंबड्या अचानक मेल्या तर कोंबडी उचलून दवाखान्यात नेऊ नका, आधी सरकारी पशुवैद्यकीय खात्याला फोन, मेलेल्याला उघड्या हाताने हात लावू नका, कापून बघू नका, बर्ड फ्लू माणसालाही होतो.

माणसांच्या गोळ्या, मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक, शेजाऱ्याच्या म्हशीचं इंजेक्शन, हे सगळं लोक करतात आणि मग डॉक्टरांना खरा आजार कळतच नाही. वर ते औषध अंड्यात उतरतं, अंडी किती दिवस खायची नाहीत तेही डॉक्टरच सांगतील.

जाताना ताजी शी छोट्या पिशवीत घ्या, ती कशी उभी राहते त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा (दवाखान्यात गेली की घाबरून एकदम ताठ उभी राहते आणि डॉक्टर म्हणतात हिला काय झालंय), आणि कागदावर लिहून न्या: कधी आणली, कुठली, वय किती सांगितलं, लसी कुठल्या, पाण्याच्या रेघेवरून रोज किती प्यायली, पिशवी रात्री कशी आणि सकाळी कशी. खोक्याला हवेची भोकं पाडा, खाली टॉवेल टाका, पाणी प्रवासात नको, सांडून ती ओली होते. आणि हात साबणाने धुवा, मुलांचेही, कोंबडी निरोगी दिसली तरी तिच्यात साल्मोनेला (माणसाचं पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो.